गुडघा बदलल्यावर स्वतःचंच रक्त परत चढवणं सुरक्षित आहे का?

सासूबाईंचं ऑपरेशन इंदूरला, आणि ऑपरेशननंतर गुडघ्यातल्या नळीतून पिशवीत जमलेलं रक्त गाळून त्यांनाच चढवू म्हणतात, म्हणून तुम्ही धास्तावलात ना? साधारणपणे सुरक्षित आहे. रक्त त्यांचंच, त्यामुळे दुसऱ्याच्या रक्तातून कावीळ, एचआयव्ही येण्याची भीती नाही. अट वेळेची: जमायला लागल्यापासून ६ तासांच्या आत चढवायचं, नाहीतर टाकून द्यायचं. कधी हुडहुडी भरते, ताप येतो. आमच्या मावशीला आला होता, रात्रीत उतरला. सांध्यात जंतुसंसर्ग किंवा कॅन्सर असेल तर मात्र हे टाळतात. हल्ली ट्रानेक्झामिक अ‍ॅसिड या औषधामुळे रक्तस्रावच कमी होतो, तेव्हा गरज पडेल का हे डॉक्टरांना आधी विचारा. आणि हिमोग्लोबिन आत्ताच तपासून घ्या, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नको.