चौथीच्या मुलांकडून विज्ञानाच्या प्रकल्पात मोबाईलवर व्हिडिओ गोष्ट करून घेतली तर खरंच शिकतात, की नुसता टाइमपास?

शिकतात, पण मोबाईल हातात कधी देता त्यावर सगळं आहे. मी मुंबईत प्राथमिकला शिकवते, परिसर अभ्यास माझ्याकडेच असतो, आणि पहिल्याच दिवशी ॲप उघडून दिलं की अख्खा तास फिल्टर, स्टिकर आणि गाणं कुठलं लावायचं यातच जातो, हे ठरलेलं.

आमचा विषय होता, आपल्या नळाला येणारं पाणी. सात तलावांची नावं पोरं घडाघडा म्हणतात. गोष्ट लिहा म्हटलं की हमखास 'मी एक थेंब' येतो, तो तानसातून निघतो, भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रात जातो 'आणि मी स्वच्छ झालो'. अरे पण झालास कसा? बस, तिथेच अडवायचं, प्रकल्प तिथून सुरू होतो.

मग दोन सारख्या पारदर्शक बाटल्या, एकाच बादलीतलं गढूळ पाणी, एकीत थोडी तुरटीची पूड टाकून ढवळायचं आणि दुसरीत काही न टाकता तेवढंच ढवळायचं, नाहीतर तुलना फुकट जाते. मोबाईल कंपासपेटीला टेकवून ठेवायचा, अजिबात हलवायचा नाही, दर पाच मिनिटांनी फोटो. फोटो ओळीने जोडले की गाळ खाली बसताना दिसतो आणि मग खरी भांडणं लागतात, 'टीचर, तुरटी नसलेल्यातपण बसतंय की!' बसतंच ना, जाड कण आपले आपण बसतात, बारीक कण तुरटीमुळे एकमेकांना चिकटून जड झाले की मग बसतात. हे भांडण जसंच्या तसं गोष्टीत घ्यायला लावा, आधी काय वाटलं होतं आणि काय दिसलं, त्यांच्याच शब्दांत. थेंब राहिला तरी चालेल, पण तो बोलणार फक्त फोटोत दिसलं तेवढंच. आणि नितळ पाणी म्हणजे पिण्याजोगं नाही, जंतू मारायला क्लोरीन लागतो, हे आवर्जून सांगा, कोणीतरी पिऊन बघतंच.

बाकी मोबाईल घरी एकच असतो आणि तोही बाबा रात्री आले की मिळतो, त्यामुळे आवाज घरून व्हॉट्सॲपवर मागवायचा, फोटोंना शाळेत जोडायचा. मागे कुकरची शिट्टी आली तर येऊ दे. दोन मिनिटांच्या वर व्हिडिओ नको. एडिटिंगला मार्क तर मुळीच देऊ नका, ते दादा-ताईंनी केलेलं असतं.