ऊद, उदमांजर आणि पाणमांजर

नांदेडच्या एका शिक्षिकेने दोन प्रश्न विचारले आहेत. शाळेत दाखवायच्या एका चित्रफितीसाठी त्या मराठी निवेदन लिहीत आहेत आणि तीत नदीकाठी खेळणारी 'ऑटर' नावाची जनावरे आहेत. त्यांना पाणमांजर म्हणावे की उदमांजर, हा पहिला प्रश्न. आणि त्यांच्या समूहाला कळप म्हणावे की टोळी, हा दुसरा.

पहिल्याचे उत्तर पाणमांजर. उदमांजर हा वेगळा प्राणी आहे. तो झाडावर चढतो, फळे खातो आणि रात्री माळवदावर धावून घरच्यांची झोप मोडतो. मासे धरायला नदीत बुडी मारणे हे त्याचे काम नव्हे. तरीही भाषांतरित निवेदनांत ओले, मिशाळ, शेपटी हलवत पोहणारे जनावर पडद्यावर दिसत असताना 'हे पाहा उदमांजर' असे मी इतक्या वेळा ऐकले आहे, की आता मी आवाज बंद करून पाहतो.

'पाणमांजर' मात्र 'ण'ने लिहावे. गोदाकाठच्या एका फलकावर मी 'पानमांजर' वाचले, आणि पिंपळाच्या पानावर बसलेले मांजर डोळ्यांपुढे आले. आम्ही मराठवाड्यातले लोक 'पाणी'ला सर्रास 'पानी' म्हणतो, मीही घरी तसेच बोलतो, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. लिहिताना मात्र पाणकोंबडी, पाणकावळा, पाणघोडा, पाणथळ या सगळ्या भावंडांना 'ण' द्यायचा आणि एकट्या मांजराला 'न' द्यायचा, हा अन्याय आहे. गंमत अशी की संस्कृतात हा मामला नेमका उलटा होता. 'पानीय' म्हणजे पिण्याजोगे, त्यात 'न'. 'पर्ण' म्हणजे झाडाचे पान, त्यात 'ण'. प्राकृतात एकटा 'न' 'ण' झाला आणि 'पानीय'चे 'पाणी' झाले. जोडाक्षरातला 'ण' दुहेरी होऊन मराठीत 'न'वर उतरला, म्हणून 'पर्ण'चे 'पान', 'कर्ण'चा 'कान' आणि 'सुवर्णा'चे 'सोने' झाले.

आता 'ऊद'. या दोन अक्षरी शब्दावर माझा फार दिवसांचा जीव आहे. पाणमांजराचे जुने नाव तेच. कोकणाकडे त्याचे 'हूद' असेही रूप ऐकू येते. मूळ संस्कृत 'उद्र'. 'पुत्र'चे प्राकृतात 'पुत्त' आणि मराठीत 'पूत' झाले, त्याच चाकोरीतून 'उद्र'चे 'उद्द' आणि 'उद्द'चे 'ऊद' झाले. इतकी सरळ व्युत्पत्ती क्वचितच हाती लागते.

हा 'उद्र' यजुर्वेदात, अश्वमेधाच्या पशूंच्या यादीत येतो. तिथे भाष्यकार महीधराने त्याचा अर्थ चक्क खेकडा केला. महीधराविषयी आदर ठेवूनही म्हणावे लागते, की त्याने नदीकाठी एखादी संध्याकाळ घालवली असती तर खेकड्याची बाजारातली किंमतही कळली असती आणि हा अर्थही टळला असता. यजुर्वेदाच्याच तैत्तिरीय संहितेवरच्या भाष्यात त्याच शब्दाचा अर्थ पाण्यातले मांजर असा दिला आहे, म्हणजे आपले पाणमांजर जसेच्या तसे. कोशांतले 'जलबिडाल' तेच सांगते; 'पानीयनकुल' हे नाव मात्र त्याला पाण्यातले मुंगूस ठरवते.

पाली भाषेत 'उद्द' आहे आणि त्याची एक जातककथा, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टींपैकी एक, आहे. काठाकाठाने फिरणारे एक आणि खोल पाण्यात शिरणारे दुसरे, अशी दोन पाणमांजरे मिळून एका रोहू माशाला काठावर ओढतात आणि वाटणीवरून भांडू लागतात. मायावी नावाचा कोल्हा पंच होऊन एकाला शेपटी आणि दुसऱ्याला डोके देतो, आणि मधला सगळा मासा न्यायनिवाड्याचे शुल्क म्हणून घेऊन जातो. वाटणीच्या खटल्यात हयात घालवलेल्या आमच्याकडच्या भावकीला ही कथा वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातल्या मध्य प्रदेशातल्या भारहुतच्या स्तूपावर हा प्रसंग कोरलेला असून त्याखाली ब्राह्मीत 'उद जातक' असे नाव आहे. आपला 'ऊद' निदान दोन हजार वर्षे दगडात बसलेला आहे, आणि आपण त्याच्या धन्याला दुसऱ्याच जनावराच्या नावाने हाक मारतो!

शब्दाचे मूळ 'उन्द्', म्हणजे ओले करणे, या धातूत आहे. 'उदक' त्यातूनच आले. 'समुद्र' म्हणजे सम् अधिक उद्र, पाण्याचा एकत्र साठा. समुद्राच्या नावात पाणमांजराचा सख्खा भाऊ दडला आहे, असे मी मुलांना सांगतो तेव्हा ती प्रथम हसतात आणि मग वहीत लिहून घेतात. इंग्रजी 'वॉटर' आणि 'ऑटर' याच कुळातले, लिथुआनियन 'ऊद्रा' याच कुळातला, आणि ग्रीक 'हिद्रा'ही, फक्त तिथे तो पाण्यातला साप झाला. अवेस्तेत, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथात, तर शब्द जसाच्या तसा 'उद्र' आहे. त्यातला वेंदिदाद हा भाग सांगतो की हजार कुत्रे आणि हजार कुत्र्या मेल्यावर त्यांच्या प्राणांतून पाण्यात उद्राची एक जोडी जन्मते. म्हणूनच उद्राला मारणाऱ्यास दहा हजार फटक्यांची शिक्षा तिथे लिहिली आहे.

मग उदमांजरात 'उद' आला कुठून? काही अभ्यासक म्हणतात की तो हाच 'ऊद', पाण्यावरून घसरत झाडावर चढलेला. हे मला पटत नाही. माझ्या मते तो अरबी 'ऊद' आहे, म्हणजे अगरूचे सुगंधी लाकूड, ज्याच्यावरून आपण उदबत्ती म्हणतो आणि शुक्रवारी देवापुढे ऊद घालतो. उदमांजराच्या शेपटीखाली वासाच्या ग्रंथी असतात. त्याच्याच भाऊबंदांपैकी ज्या मांजराचा स्राव अत्तरवाले वापरत आले त्याला आपण 'जवादी मांजर' म्हणतो आणि ती 'जवादी' अरबी 'झबाद'वरून आली आहे. एका वासाच्या मांजराला अरबी नाव मिळाले, तर दुसऱ्याला का मिळू नये? शतकानुशतके फारसी-उर्दूच्या शेजाराने राहिलेल्या मराठवाड्यात तर ही वाट अगदी रुळलेली आहे. पाणमांजराच्या विष्ठेलाही उग्र वास असतो, असे म्हणून विरोधक मला गाठतील हे मी जाणतो. तो वास घेतल्यावर कोणी उदबत्ती आठवली, तर मी माझे मत मागे घेईन.

या भरात उदगीरही कोणी ओढून आणू नये, कारण तो उदयगिरीचा आहे. आणि तुळजापूरच्या 'आई राजा उदो उदो'तला 'उदो' उदयाचा आहे. एका 'उद'खाली सगळी जत्रा भरवण्याचे कारण नाही.

राहता राहिले 'मांजर'. प्राणिशास्त्राच्या हिशेबाने पाणमांजर मुंगूस-मांजरांच्या बाजूचे नाहीच. ते कुत्रा आणि अस्वल ज्या शाखेत येतात त्या शाखेतले आहे, आणि उदमांजर मात्र मांजराच्या शाखेतले. देगलूर-बिलोलीच्या पलीकडचा तेलुगू माणूस पाणमांजराला 'नीटि कुक्क' म्हणतो, निलंग्यापलीकडचा कानडी 'नीरुनायि' म्हणतो. दोघांच्याही शब्दांचा अर्थ पाण्यातला कुत्रा. या बाबतीत शेजारी आपल्यापेक्षा बरोबर आहेत हे मान्य करावे आणि तरीही पाणमांजरच म्हणावे, कारण शब्द म्हणजे वंशावळीचा दाखला नव्हे.

बाईंच्या चित्रफितीत खेळ आहे, म्हणून दोन शब्द. चिखलाच्या उतारावरून पोटावर घसरत पाण्यात पडण्याला 'स्लाइडिंग' लिहू नका. ती घसरगुंडी आहे. पाण्यात एकमेकांच्या मागे लागणे हे आपले शिवणापाणी. लहान नखांचे पाणमांजर उताणे पडून पुढच्या पंजांनी गारगोट्या उडवते आणि झेलते, त्याला निवेदक 'जगलिंग' म्हणतात. सागरगोटे म्हणा, आमच्याकडचे गजगे म्हणा. पोरी ओसरीवर नेमके तेच करतात. एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 साली असे दाखवले की बंदिस्त पाणमांजरे भुकेली असली म्हणजे हे गजगे अधिक खेळतात, पण त्यामुळे कोड्यातून खाऊ काढण्यात ती काही अधिक हुशार ठरत नाहीत. जेवण उशिरा झाले की ताटावर बोटांनी ताल धरणारी मुले आठवली, तर निवेदनाचा सूर आपोआप सापडेल.

दुसरा प्रश्न मी जवळजवळ विसरलोच होतो. कळप चरणाऱ्या जनावरांचा असतो. टोळी दरोडेखोरांची असते, आणि टोळांचीही, म्हणून तोही शब्द नको. भारतातल्या तीन जातींपैकी सपाट प्रदेशातल्या मोठ्या नद्यांत मुख्यतः दिसते ती मुलायम केसांची जात, प्रौढ जनावराचे वजन साधारण 7 ते 11 किलो. ती आई, बाप आणि वाढती पिल्ले अशी एकत्र राहते आणि पाचरीसारखी रांग करून प्रवाहाविरुद्ध मासे हाकत जाते. बांगलादेशातले कोळी या सवयीचा उपयोग करून त्यांच्याकडून मासे जाळ्यात हाकवून घेतात. अशा समूहाला मराठीत 'कुटुंबकबिला' हा शब्द तयार आहे. 'कबिला' अरबी आहे, हे माझ्या लक्षात आहे.

आणि लिंग विचारलेले नसले तरी सांगतो: पाणमांजर ते, ऊद तो.