श्रीलंकेच्या (तेव्हाच्या सिलोनच्या) रेडिओ सिलोनवर जुनी गाणी कोण लावायचं? आणि हिंदी गाणी कोलंबोहून कशी?

त्याला कारणीभूत आपलेच केसकर! 1952 मध्ये नभोवाणीमंत्री झाल्यावर बा. वि. केसकरांनी आकाशवाणीवरच्या फिल्मी गाण्यांना कात्री लावली आणि श्रोते सिलोनकडे वळले. दुसऱ्या महायुद्धातला दणकट शॉर्टवेव्ह (दूरच्या देशांतही ऐकू जाणारा) ट्रान्समीटर रेडिओ सिलोनकडे आयताच होता. अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ मुंबईत रेकॉर्ड होऊन टेप कोलंबोला जायची. विजय किशोर दुबे, गोपाल शर्मा, मनोहर महाजन मात्र तिथेच राहून निवेदन करायचे. खरी मजा सकाळी साडेसातची, ‘पुरानी फिल्मों का संगीत’. शेवटचं गाणं सैगलचंच. ते लागलं की आठ वाजत आले समजायचं. खरखर असायचीच. 1957 मध्ये आकाशवाणीने ‘विविध भारती’ ही मनोरंजनाची सेवा काढली ती या धसक्यानेच.