‘गैरहजर’ ऐकताना मेंदू आधी ‘गैर’ बाजूला काढतो का?

नाही. निदान व्याकरणाच्या वहीत ‘गैर + हजर’ अशी फोड करतात तशी तर नाहीच.

उपसर्ग सोलायचा आणि उरलेलं मूळ शोधायचं, हे मत टाफ्ट आणि फोर्स्टर या मानसशास्त्रज्ञांच्या 1975 च्या प्रयोगांवर उभं आहे. ते प्रयोग वाचनाचे होते. कागदावर अख्खा शब्द एकदम डोळ्यांपुढे असतो, कानात तो क्रमाने येतो. एवढं साधं न बघता मराठीचे मास्तर तोच निष्कर्ष ऐकण्यालाही चिकटवतात. स्टाफरूममधला हा वाद जुना आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

‘गैर’पर्यंत ऐकलं तेव्हा गैरसोय, गैरसमज, गैरवापर, गैरफायदा, गैरहजर, यांपैकी कुठलाही शब्द असू शकतो, सगळे शर्यतीत असतात. ‘गैरह’ आलं की जवळपास हजर-हजेरीच उरतं. नुसतं ‘हजर’ म्हणा: ‘ह’ला हवा, हळद, हप्ता, ‘हज’नंतरही ‘हजार’ आहेच. म्हणजे आधी आलेल्या उपसर्गामुळे मूळ लवकर ओळखू येतं. तो फेकून दिला असता तर हा फायदा मिळाला नसता. आणि सोलायचंच असेल तर ‘नापसंत’सारखंच ‘नाशिक’मधलं ‘ना’ काढा, ‘शिक’ उरतं, शोधत बसा! ‘प्रत्येक’ तर संधीमुळे कुठे कापायचा हेच कानाला कळत नाही.

मूळ खरंच लवकर ओळखू येतं का, हे घरी तपासता येतं. शब्द मोबाइलवर रेकॉर्ड करा (सीबीएस बसस्थानकाजवळ नको, हॉर्नमध्ये ‘स’ आणि ‘ह’ बुडतात). सुरुवातीपासूनचे तुकडे करा, प्रत्येक पुढचा 50 मिलिसेकंदांनी लांब. ऐकणाऱ्याने कुठला शब्द वाटतो ते लिहायचं आणि खात्री किती ते 1 ते 10 मध्ये. कापलेल्या टोकाला 5 मिलिसेकंद आवाज उतरवत न्या, नाहीतर ‘टक’ होतं आणि लोकांना तिथे ‘ट’ किंवा ‘प’ ऐकू येतो. एकाच माणसाला सगळे तुकडे ओळीने दिले तर तो पहिल्या अंदाजाला धरून बसतो, म्हणून लांबीगणिक माणसं बदला. यादीत निम्मे शब्द बिनउपसर्गाचे हवेत, नाहीतर ‘बेसन’मधला ‘बे’सुद्धा उपसर्ग वाटायला लागतो.

मात्र ऐकताना उपसर्ग आणि मूळ अशा फोडीचा काहीच उपयोग नाही, असं म्हणणं चूक. मानसशास्त्रज्ञ वर्म यांच्या 1997 च्या इंग्रजीवरच्या कामात सलग ऐकणं आणि फोड करणं या दोन्हींच्या खुणा सापडल्या. ‘गैरनाशिककर’ असा ताजा शब्द कुणी फेकला तर तो डोक्यात आयता नसतोच, तिथे ‘गैर’ आणि ‘नाशिककर’ जोडूनच अर्थ लावावा लागतो.