कॅन्सरचं बिल : कात्री कुठे लागते आणि भांडायचं कुठे

(या वेळी पत्रं जवळपास सगळी कॅन्सरच्या बिलांवरच आलीत, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात. नावं नेहमीप्रमाणे काढून टाकलीत.)

प्रश्न : सर, वहिनीचं ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालं, बिल 3 लाख 20 हजार. पॉलिसी 5 लाखांची आहे पण रूम रेंटची लिमिट दिवसाला 5 हजार, आणि आम्ही 8 हजारवाली रूम घेतली. टीपीएने (विमा कंपनीसाठी क्लेम तपासणारी मध्यस्थ कंपनी) सगळ्या बिलातूनच साडेसदतीस टक्के कापले, म्हणजे 1 लाख 20 हजार आमच्या बोकांडी. एजंट म्हणतो नियमच आहे. खरंय का? — नाशिकचे एक वाचक

अर्धं खरंय, आणि ते अर्धं सांगूनच लोकांना गप्प बसवतात. महागडी रूम घेतली की त्या प्रमाणात बाकीचा खर्चही कापायचा याला प्रपोर्शनेट डिडक्शन म्हणतात, ते पॉलिसीत लिहिलेलं असेल तर चालतं. पण 2020 मध्ये आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांच्या सरकारी नियामकाने, स्पष्ट केलंय की औषधं आणि कन्झ्युमेबल्स (सिरिंज, ड्रेसिंगसारख्या वापरून टाकायच्या वस्तू), इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही कात्री लावायची नाही, आयसीयूच्या खर्चालाही नाही. अहो, रूम 5 हजारची असो की 8 हजारची, बायोप्सीचा रिपोर्ट तोच असतो ना.

तुम्ही पाठवलेलं बिल मी उलगडून बघितलं. चार दिवसांची रूम 32 हजार, त्यात 12 हजार कापले तर ठीक. सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी (ऑपरेशन थिएटर) मिळून 78 हजार, त्याचे साडेसदतीस टक्के म्हणजे 29,250. इथपर्यंत त्यांचा हक्क मानू. उरलेले 2 लाख 10 हजार हे औषधं, कन्झ्युमेबल्स आणि पॅथॉलॉजीचे, त्याला हात लावायचा नव्हता. म्हणजे फार तर 41,250 कापायचे होते, कापले 1 लाख 20 हजार, तुमचे 78,750 त्यांच्याकडे अडकलेत. (हातमोजे, ॲडमिशन किट वगैरे ‘नॉन-पेएबल’ म्हणून वेगळे काढतात, तो मुद्दा निराळा, त्यात हे मिसळू देऊ नका.) आणखी एक, हॉस्पिटलमध्ये रूमच्या क्लासप्रमाणे सर्जनची फी बदलतच नसेल तर तिथेही कात्री चालत नाही, तेव्हा बिलिंग काउंटरवरून तसं लेटरहेडवर लिहून मागा.

आता करायचं काय, तर फोनवर भांडायचं नाही. कस्टमर केअरवाला ‘आपकी कंप्लेंट नोट कर ली है’ म्हणतो आणि विषय संपतो. कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला ईमेल करा, वरचा हिशोब तसाच्या तसा टाका, आणि पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली औषधांचे पैसे कापले ते लेखी विचारा. महिन्याभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर इन्शुरन्स ओम्बड्समन, म्हणजे विमा लोकपाल. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि ठाण्याला ऑफिस आहे, तुम्हाला कुठलं लागू ते पॉलिसीच्या मागे छापलेलं असतं. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचं प्रकरण घेतात, फक्त कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत जायचं. टीपीएच्या टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसून मी नोकरी केलीय, म्हणून सांगतो, कलमाचं नाव घेऊन लेखी विचारणारा माणूस आला की फाइल पुन्हा उघडली जाते, कारण असे लोक फार कमी येतात.

प्रश्न : काकांना लंग कॅन्सरची गोळी चालू आहे, रोज घरीच घेतात. ‘ॲडमिट नाही तर क्लेम नाही’ म्हणून कंपनीने हात वर केलेत. — ठाणे

ओरल केमोथेरपी (गोळीतून केमो) आणि इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या जोरावरचा उपचार) या दोन्ही आयआरडीएआयच्या बारा आधुनिक उपचारांच्या यादीत आहेत, त्यांना पॉलिसीतून सरसकट वगळता येत नाही. मर्यादा मात्र घालता येते, तेव्हा आधी पॉलिसीत ‘मॉडर्न ट्रीटमेंट’चा सब-लिमिट किती ते बघा, कधीकधी तो इतका कमी असतो की दोन महिन्यांच्या गोळ्यांत संपतो. ‘ही टार्गेटेड थेरपी आहे, केमो नाही’ असा फाटाही फोडतात. त्यावर ऑन्कॉलॉजिस्टकडून लेखी घ्या की हा कॅन्सरवरचाच मुख्य उपचार आहे आणि सलाइनच्या केमोऐवजी दिलाय. आयआरडीएआयच्या मे 2024 च्या सर्क्युलरप्रमाणे कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारताच येत नाही, म्हणून कमिटीचा निर्णय मागा. तुमच्या पत्रासोबतचा कागद तर नुसता दोन ओळींचा ईमेल आहे.

प्रश्न : वडिलांना तोंडाचा कॅन्सर. जीवनदायीत बसतंय, कार्ड आहे, तरी हॉस्पिटल म्हणतं पॅकेजमध्ये परवडत नाही, वरचे 40 हजार भरा मग डेट देतो. भरू का? ताकद नाही पण बाप आहे शेवटी. — लातूर

भरू नका. निदान पावती घेतल्याशिवाय तर नाहीच. जीवनदायी म्हणजे आताची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, ती कॅशलेस आहे, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत, आणि पॅकेजमध्ये (योजनेने त्या उपचाराला ठरवून दिलेल्या रकमेत) बसणाऱ्या उपचाराला वरून पैसे मागायचेच नाहीत. हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राकडे (योजनेचा तिथे बसणारा माणूस) जा, लेखी द्या, त्याने टाळाटाळ केली तर तिथेच उभं राहून 155388 किंवा 1800 233 2200 ला फोन लावा आणि तक्रार नंबर लिहून घ्या. जिल्ह्याला योजनेचा समन्वयक असतो, त्यालाही कॉपी.

पण हॉस्पिटलवाले साफ खोटं बोलतात असंही नाही, हे मला लिहायलाच हवं, नाहीतर डॉक्टर वाचक रागावतील आणि त्यांचं बरोबरही असेल. जबड्याचं मोठं ऑपरेशन, मग मांडीचं किंवा छातीचं मांस लावून जागा भरायची, आठ-दहा तास ओटी, त्याचा दर ठरवताना वर्षानुवर्षं महागाई धरली नाही आणि पैसे महिनोन्‌महिने उशिरा आले तर छोटं हॉस्पिटल दोनपैकी एक करतं, पेशंट टाळतं नाहीतर क्वालिटीत हात आखडतं. दुसरं जास्त वाईट, कारण ते पेशंटला दिसत नाही. दर वाढवा ही मागणी म्हणून आपलीही असली पाहिजे, फक्त त्याची वसुली तुमच्या वडिलांच्या खिशातून नको.

आणि तारखेवर लक्ष ठेवा. ऑपरेशननंतर रेडिएशन लागणार असेल तर ते साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं लागतं, आणि एकदा सुरू झालं की मध्ये खंड नको. प्री-ऑथ (योजनेची आगाऊ मंजुरी) अडकलंय, मशीन बंद आहे, पुढच्या महिन्यात या, असं म्हणाले तर तेव्हाच दुसरं योजनेतलं सेंटर मागा. डिस्चार्ज समरी आणि बायोप्सीचे कागद हातात ठेवा, पेशंटने मागितल्यावर 72 तासांत रेकॉर्ड द्यायचं असा डॉक्टरांसाठीचा नियम 2002 पासून आहे.

प्रश्न : स्वस्तात किंवा योजनेत उपचार म्हणजे दर्जा कमी का? सामान्य माणसाने ओळखायचं कसं? — कोल्हापूर

लॉबीतल्या ग्रॅनाइटवरून तर नाहीच. ट्युमर बोर्ड झाला का विचारा, म्हणजे सर्जन, केमोवाले, रेडिएशनवाले आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसले का, आणि त्यांची नोट फाइलला आहे का. ब्रेस्टचा पेशंट असेल तर ईआर, पीआर, हर-टू (कोणतं औषध लागू पडेल ते सांगणाऱ्या गाठीच्या तपासण्या) तिन्ही रिपोर्ट हवेत, आणि हर-टू ‘2+’, म्हणजे धड हो ना नाही असा, आला तर फिश टेस्ट (खात्रीची जनुक-तपासणी) केल्याशिवाय हर-टूवरचं महागडं इंजेक्शन सुरूही करायचं नसतं आणि नाकारायचंही नसतं. योजनेत असो की रोख, हा नियम तोच. बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या, सेकंड ओपिनियनला तेच लागतात. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने 2012 ला नॅशनल कॅन्सर ग्रिड, म्हणजे देशभरातल्या कॅन्सर हॉस्पिटलांचं जाळं, सुरू झालं, त्यांच्या उपचारांच्या गाइडलाइन्स नेटवर फुकट आहेत, इंग्रजीत आहेत पण घरातल्या कॉलेजच्या पोरीला बसवा, नाव आणि स्टेज जुळवून बघता येतं.

प्रश्न : आमचा बचत गट आमदारांना निवेदन देणार आहे, गावात दोन वर्षांत बरेच पेशंट झाले. काय लिहू? — जत तालुका

ताई, ‘शासनाने लक्ष द्यावे’ असं लिहू नका, त्यावर कोणी लक्ष देत नाही. मोजके मुद्दे घ्या. एक, पॅकेजचे दर ठरावीक वर्षांनी बदलावेत आणि हॉस्पिटलचे पैसे ठरावीक दिवसांत मिळावेत. दुसरं, दराला दर्जा जोडावा. केंद्राच्या आरोग्य प्राधिकरणाने कॅन्सर ग्रिडशी 2019 मध्येच करार केलाय, त्याचा हवाला द्या, ट्युमर बोर्डची नोट आणि पूर्ण पॅथॉलॉजी रिपोर्ट नसेल तर पेमेंट नाही असं म्हणा. आणि किती पेशंटचा उपचार सुरू झाला हे सगळे सांगतात, पूर्ण किती जणांचा झाला हे हॉस्पिटलनिहाय जाहीर करा म्हणावं. निदान आणि उपचार यांच्यामध्ये गावातल्या किती जणांचे किती आठवडे गेले ते तुम्हीच घरोघरी विचारून तक्ता करा (नावं नको, फक्त आठवडे) आणि जोडा.

तोपर्यंत मुंबईला जाणाऱ्यांना सांगा की रेल्वेत कॅन्सर पेशंटला उपचारासाठी स्लीपर आणि थ्री एसीचं तिकीट फुकट आहे, सोबतच्याला 75 टक्के सवलत, हॉस्पिटलचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. निवेदनाची एक प्रत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे आणि एक योजनेच्या ऑफिसला द्या, आणि तिन्हीकडे आवकचा शिक्का मारून पोच घ्या.