बाप्तिस्मा एकच

प्रिय बाळ,

ख्रिस्तात सलाम. तुझं पत्र मिळालं. तुझ्या फेलोशिपने पुढच्या महिन्यात नदीवर बाप्तिस्मा ठेवलाय, यादीत तुझंही नाव आहे आणि तू विचारतेस, "लहानपणी कपाळावर घातलेलं पाणी मला आठवतही नाही, मग तो बाप्तिस्मा माझा कसा?"

प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून गुळमुळीत उत्तर देत नाही. पुन्हा बाप्तिस्मा घेऊ नकोस. बाप्तिस्मा एकच.

तुझी मित्रमंडळी शास्त्रातलं जे दाखवतात ते मीही वाचलंय. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात अमुक तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा दिला असं कुठेही लिहिलेलं नाही. लुदियाच्या घरच्यांचा झाला, फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याच्या घरच्यांचा झाला. त्या घरांत पाळणा होता की नाही, मला ठाऊक नाही आणि त्यांनाही नाही. इ.स. 200च्या सुमारास टर्टुलियन हा जुना ख्रिस्ती लेखक सांगतो की मुलांचा बाप्तिस्मा लांबवा. म्हणजे तेव्हा तो दिला जात होता आणि त्याबद्दल वादही होता. वाद जुना आहे. तो तुझ्या-माझ्या पत्रात मिटणार नाही, आणि तुझ्यासाठी तो मिटायची गरजही नाही. बाप्तिस्मा न झालेल्याने कधी घ्यावा, याचा तो वाद आहे. तुझा झालेला आहे.

ते तुला कृत्ये 19 दाखवतील. इफिसच्या त्या शिष्यांना फक्त योहानाचा, पश्चात्तापाचा बाप्तिस्मा ठाऊक होता, म्हणून पौलाने त्यांना प्रभू येशूच्या नावात दिला. तुझा पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावात झालाय. आता त्यांना कृत्ये 8 उघडायला सांग. शोमरोनातला जादूगार शिमोन तान्हा नव्हता, वयाने मोठा होता. त्याने विश्वास ठेवला, बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे पैसे देऊन देवाचं दान विकत घ्यायला निघाला. "तुझं मन देवासमोर सरळ नाही," असं पेत्र त्याला तोंडावर म्हणाला. पण पुढे काय सांगितलं? पश्चात्ताप कर, प्रार्थना कर. पुन्हा पाण्यात उतर असं सांगितलं नाही.

आणि आपल्या पंडिता रमाबाई! 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, सोबत अडीच वर्षांच्या मनोरमेचाही झाला. रमाबाईंपेक्षा अधिक समजून-उमजून पाण्यापाशी कोण गेलं असेल? तरी त्यांनीच पुढे लिहिलं की तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नंतर मिळाला. समज वाढली की बाप्तिस्मा नवा, असा नियम लावलास तर तुला चाळिशीत तिसरा घ्यावा लागेल. तुझा विश्वास वाढेल, आटेल, पुन्हा वाढेल. देवाने दिलेला शब्द एकदाच दिलाय. म्हणून बाप्तिस्मा एकच.

तुझा बाप्तिस्मा मीच केला. जानेवारीची थंडी होती, तुझ्या आजीने पाणी कोमट करून स्टीलच्या पातेल्यातून आणलं, आणि तू माझ्या झग्याची पट्टी मुठीत धरून ठेवलीस. मंडळीला विचारलं, या लेकराला प्रभूच्या शिक्षणात वाढवायला मदत कराल का? सगळे उभे राहून "होय" म्हणाले. ते "होय" किती जणांनी पाळलं, हे माझं जुनं दुखणं आहे. केक कापतात, फोटो काढतात, आणि मग आईबाप थेट नाताळला दिसतात. तुझी फेलोशिप यावर बोट ठेवते ते बरोबर ठेवते. पण आम्ही शब्द पाळला नाही म्हणून देवाचा शब्द खोटा पडत नाही.

फक्त मोठ्यांनाच बाप्तिस्मा देणाऱ्या बॅप्टिस्टांना हसायचा अधिकार मी स्वतःला कधी दिला नाही. झुरिचमध्ये बालबाप्तिस्मा मानणाऱ्यांच्या सरकारने फेलिक्स मान्झला 1527 साली लिमॅट नदीत बुडवून मारलं. गुन्हा काय, तर मोठ्यांना बाप्तिस्मा देणं. ते पाप आपल्या बाजूचं आहे. 1970 साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभं राहिलं तेव्हा अँग्लिकन आणि बॅप्टिस्ट एका छताखाली आले, आणि तान्ह्यांचा बाप्तिस्मा नि मोठ्यांचा बाप्तिस्मा, दोन्ही रीती मान्य झाल्या. तुझा बाप्तिस्मा झालेला नसता तर मीच तुला नदीवर नेलं असतं.

माझ्याकडे याआधीही तरुण मुलं हेच मागायला आली. मी नाही म्हटलं. काही दुसरीकडे गेली, एका घरात बापलेकाचं बोलणं तुटलं आणि त्याचा बोल मला लागला. त्या मुलांची आठवण आली की अजून झोप लागत नाही. पण मी हो म्हणायला हवं होतं का? नाही. ज्या नावात मी एकदा पाणी घातलं, ते नाव तेव्हा पुरेसं नव्हतं, असं मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो? आजही सांगणार नाही.

तुला सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करायचाय ना? कर की! दहावीनंतर तू पुण्याला गेलीस आणि दृढीकरण, म्हणजे मोठं झाल्यावर मंडळीसमोर स्वतः विश्वास कबूल करणं, राहून गेलं. दृढीकरणाचा वर्ग मी घेतो, शनिवारी गावी येत जा. तुझे प्रश्न घेऊन ये, फेलोशिपच्या पाळकांनाही आण, मी त्यांच्याशी आनंदाने बोलेन.

आणि एवढं वाचूनही नदीवर गेलीस, तर मी तिथे येणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. पण पुढच्या रविवारी प्रभुभोजनाला मंडळीत ये. संकोचाने मागच्या बाकावर बसू नकोस, आजीशेजारी बस.

तुझा पाळक