बॉयलरला भेगा असताना ‘विक्रांत’ १९७१ च्या युद्धात का उतरवली?

बॉयलर नादुरुस्त असलेली विमानवाहू नौका युद्धात पाठवण्याचा धोका नौदलाने का पत्करला, असे आपण विचारले आहे. सोलापुरात सूत रंगवण्याच्या कारखान्यात मी २२ वर्षे बॉयलर सांभाळला, त्यामुळे ‘विक्रांत’च्या कारकिर्दीतला हाच भाग मला सर्वांत जवळचा वाटतो.

ब्रिटिशांनी १९४३ मध्ये ‘हर्क्युलिस’ या नावाने बांधायला घेतलेली ही नौका महायुद्ध संपल्यावर अर्धवट पडून होती. भारताने ती १९५७ मध्ये विकत घेतली, बेलफास्टला पूर्ण करून घेतली आणि ४ मार्च १९६१ रोजी ती आपल्या नौदलात दाखल झाली.

१९७० मध्ये तिच्या बॉयलरच्या पाण्याच्या ड्रमांना भेगा आढळल्या. त्या वेल्डिंगने भरून निघण्यासारख्या नव्हत्या आणि बदली ड्रम देशात मिळत नव्हते. अखेर वाफेचा दाब मुद्दाम कमी ठेवून ती चालवायचे ठरले. यातली खरी अडचण वाफेशी रोज संबंध असणाऱ्याला लगेच कळते. आमच्याकडे रंगाच्या दोन टाक्यांना एकदम वाफ सोडली, की गेजचा काटा डोळ्यांदेखत खाली येत असे. ‘विक्रांत’वर तर नौका पुढे नेणारी टर्बाइन आणि विमानाला डेकवरून फेकणारे कॅटापल्ट, दोघांनाही त्याच बॉयलरांची वाफ लागत होती. शिवाय उड्डाणाला समोरून जोराचा वारा हवा, आणि तो बराचसा नौकेच्याच वेगातून मिळतो. दाब उतरवल्यावर सुमारे २५ नॉटची (म्हणजे ताशी २५ सागरी मैल वेगाची) ही नौका चाचण्यांच्या वेळी १४ नॉटवर आली होती.

तरीही नौदलप्रमुख ॲडमिरल एस. एम. नंदा तिला उतरवण्यावर ठाम राहिले. १९६५ च्या युद्धात ती दुरुस्तीसाठी गोदीत अडकून पडली होती, हेही विसरता येत नाही. माझ्या मते हा निर्णय धाडसाचा असला तरी आंधळा नव्हता, कारण तिला बंगालच्या उपसागरात ठेवले गेले. पाकिस्तानी नौदलाचे मुख्य बळ कराचीकडे होते. तिच्या शोधात आलेली ‘गाझी’ पाणबुडी विशाखापट्टणमजवळ बुडाली तेव्हा ‘विक्रांत’ तेथे नव्हतीच, ती आधीच अंदमानकडे हलवलेली होती. ४ डिसेंबरला तिच्या सी हॉक विमानांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले. पुढचे काही दिवस अलिझे विमानेही त्याच अशक्त वाफेवर उडत राहिली. तिचे कप्तान स्वराज प्रकाश यांना महावीर चक्र मिळाले.

३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली. पुढे मुंबईत तिचे संग्रहालय झाले, तेव्हा मी रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने जाऊन ती पाहून आलो. डेकच्या टोकाशी सी हॅरियर विमानांच्या उड्डाणासाठी बांधलेला चढ होता. वाफेचे कॅटापल्ट मात्र त्याआधीच काढून टाकलेले होते. मी बराच वेळ त्या जागी उभा होतो.